आधी अंधार, मग ऊन : ऑक्साइडच्या भुकटीने पाण्यातला रंग तुटतो का, हे तपासण्याची रीत

नागपुरात जानेवारी लागला की एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातली मुलं प्रोजेक्टचे विषय घेऊन माझ्याकडे येतात. बऱ्याच जणांच्या कागदावर फोटोकॅटॅलिसिस, म्हणजे प्रकाश पडल्यावर ऑक्साइडच्या भुकटीने पाण्यातला रंग तोडणं, असं लिहिलेलं असतं. ते साहजिकच आहे. सामान स्वस्त, ऊन फुकट, आणि निळं पाणी डोळ्यांदेखत पांढरं होतं. मग एखाद्या दुपारी विद्यार्थी बीकर घेऊन दारात उभा राहतो : "मॅडम, रंग पूर्ण उडून राहिला!" त्याचा आनंद खरा असतो. माझा प्रश्न मात्र ठरलेला असतो : अंधारात किती उडाला?

या प्रश्नाचं उत्तर वहीत आकड्यांनी लिहिलेलं असेल, तर प्रोजेक्ट उभा राहतो. नसेल, तर पुढचे सगळे आलेख अधांतरी राहतात. म्हणून इथे मी अंधाराच्या टप्प्यावर जास्त वेळ घालवणार आहे. नेहमीच्या जर्नल पेपरात तो एका वाक्यात उरकलेला असतो.

भुकटीच्या कणावर काय होतं

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन होतं हे 'नेचर'मध्ये मांडलं. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, फ्रँक आणि बार्ड यांनी याच ऑक्साइडच्या भुकटीने पाण्यातलं सायनाइड ऑक्सिडाइझ होतं हे दाखवलं. दूषित पाण्यासाठी हे ऑक्साइड वापरण्याची वाट तिथून मोठी होत गेली.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणजे ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश पडला तरच इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि खाली धनभारित पोकळी, ज्याला आपण होल म्हणतो, ती राहते. यातल्या बहुसंख्य जोड्या कणाच्या आतच पुन्हा एक होतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जाते. ज्या थोड्या पृष्ठभागापर्यंत पोचतात, त्यांच्यावरच सगळं काम अवलंबून असतं. होल पाण्याकडून किंवा पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटाकडून इलेक्ट्रॉन ओढून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतो, नाहीतर चिकटलेल्या रंगाच्या रेणूवर थेट घाव घालतो. इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनकडे जातो आणि सुपरऑक्साइड बनतो.

यातून प्रयोगासाठी तीन गोष्टी निघतात. अतिनील प्रकाश हवा, आणि सूर्यप्रकाशात तो ऊर्जेच्या जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. विरघळलेला ऑक्सिजन हवा, कारण तो नसेल तर इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि होलशी पुन्हा जुळतात. आणि रंगाचा रेणू कणाजवळ हवा, कारण हायड्रॉक्सिल रॅडिकल पाण्यात फार लांब जाईपर्यंत टिकत नाही. ही तिसरी गोष्टच पुढे घोळ घालते. रेणू पृष्ठभागाशी यायला हवा असतो, पण तो नुसता येऊन चिकटला तरी पाण्यातला रंग कमी दिसतो.

कोणती भुकटी घ्यावी

पहिल्यांदा करत असाल तर झिंक ऑक्साइड स्वतः बनवा आणि तुलनेसाठी पी-२५ नावाचं टायटॅनियम डायऑक्साइड विकत घ्या. पी-२५ मध्ये अ‍ॅनाटेज आणि रुटाइल (त्याच ऑक्साइडचं दुसरं रूप) साधारण ८०:२० असतात आणि दर ग्रॅमला पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर असतो. जगभर तुलनेसाठी हीच भुकटी वापरतात, म्हणून तुमचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

रंगाच्या दुकानातली पांढरी टायटॅनियम भुकटी कृपया आणू नका. ती भिंतीच्या रंगासाठी केलेली असते, आणि उन्हात तिने रंगातलं रेझिन खाऊ नये म्हणून तिच्या कणांवर बहुधा सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा थर दिलेला असतो. आपल्याला जो गुण हवा, तोच तिथे मुद्दाम दाबलेला असतो.

झिंक ऑक्साइडची कृती अशी. झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट २.१९५ ग्रॅम घेऊन १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, म्हणजे ०.१ मोलर द्रावण होईल. दुसऱ्या बीकरमध्ये ०.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिली पाण्यात. पहिलं द्रावण ६० अंशांवर ढवळत ठेवा आणि दुसरं ब्युरेटमधून थेंब थेंब सोडा. घाई केली तर कणांचा आकार एकसारखा येत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड जास्त झालं तर झिंक ऑक्साइड पुन्हा विरघळायला लागतं, म्हणून शेवटच्या थेंबांत पीएच बघत राहा. दोन तास ढवळून खाली बसू द्या.

धुणं नीट झालंच पाहिजे. अ‍ॅसिटेट आणि सोडियम आत राहिले तर भाजल्यावर पृष्ठभाग घाण राहतो आणि भुकटीला किंचित राखाडी झाक येते. वरचं पाणी उदासीन होईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा, शेवटी एकदा अल्कोहोलने. ८० अंशांना ओव्हनमध्ये सुकवा, खलात बारीक करा आणि ४०० अंशांना दोन तास मफल फर्नेसमध्ये ठेवा. हिशेबाने ०.८१ ग्रॅम यायला हवं. प्रत्यक्षात धुताना थोडं जातंच. जास्त आलं, तर मात्र पाणी किंवा मीठ आत राहिलंय असं समजा.

एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांजवळ वुर्ट्झाइटची (झिंक ऑक्साइडच्या स्फटिकरचनेची) तीन शिखरं शेजारी शेजारी दिसली की बेत जमला. टायटॅनियमवाल्यांनी २५.३ अंशांवर अ‍ॅनाटेज आणि २७.४ वर रुटाइल शोधावं. नमुना पाठवताना थोडी भुकटी वेगळी काढून ठेवा, कारण वापरल्यानंतरच्या भुकटीशी ताडून बघायला तीच लागते.

भुकटी हाताळताना मास्क लावा. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासावाटे जाण्याच्या संदर्भात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला २बी गटात, म्हणजे कदाचित कर्करोगकारक, असं ठेवलंय. खलात घासताना पंखा बंद ठेवायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात हे अवघड वाटतं, पण तेवढा वेळ तरी बंदच ठेवा.

रंग

बहुतेक जण मिथिलिन ब्लू घेतात. मीही तोच घ्यायला सांगते, कारण त्याचं वागणं चांगलं माहीत आहे. ६६४ नॅनोमीटरला त्याचं प्रकाश शोषण्याचं मोठं शिखर असतं. वजन करण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा. पाण्याचे रेणू धरलेलं हायड्रेट रूप असेल तर रेणुभार ३१९.८५ नसतो, जास्त असतो.

पेपरांत दर लिटरला १० मिलीग्रॅम लिहिलेलं असतं. त्या संहतीला अ‍ॅब्सॉर्बन्स (द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचा आकडा) दोनच्या वर जातो आणि कॉलेजातल्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरची सरळ रेषा तिथे वाकते. ५ मिलीग्रॅम घ्या, म्हणजे वाचन एकच्या आसपास राहील. त्याआधी १ ते ६ मिलीग्रॅमपर्यंतची कॅलिब्रेशन रेषा स्वतः काढा. दुसऱ्याची रेषा वापरू नका.

मिथिलिन ब्लू काचेलाही चिकटतो. क्युव्हेट (वाचनासाठी द्रावण भरायची चौकोनी नळी), पिपेट, बीकर सगळं दोन वाचनांच्या मध्ये अल्कोहोलने धुवा.

अंधारातला टप्पा

आता खरं काम. १०० मिली रंगाच्या द्रावणात ५० मिलीग्रॅम ऑक्साइड टाका, बीकरला अ‍ॅल्युमिनियम फॉइल सगळीकडून गुंडाळा आणि ढवळायला लावा. शक्यतो ट्यूबलाइट बंद असलेल्या खोलीत किंवा कपाटात ठेवा.

सगळे लिहितात : "अर्धा तास अंधारात ढवळलं." अर्धा तास पुरला की नाही, हे कळणार कसं? म्हणून १०, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांना थोडं थोडं द्रावण काढून वाचायचं. लागोपाठ दोन वाचनं सारखी आली की समतोल झाला. कमी पृष्ठभागाच्या भुकटीला वीस मिनिटंही पुरतात. सच्छिद्र भुकटीला तास उलटला तरी रंग आत शिरत राहतो, आणि तशी भुकटी अर्ध्या तासाने उन्हात नेली की जे चिकटणं चालूच असतं ते उन्हाच्या खात्यात जमा होतं.

चिकटणं किती होईल हे पीएचवर फार अवलंबून असतं, आणि इथेच ऑक्साइडच्या पृष्ठभागाचा स्वभाव कळतो. प्रत्येक ऑक्साइडचा एक पीएच असतो जिथे पृष्ठभागावरचा एकूण भार शून्य होतो. पी-२५ साठी तो साडेसहाच्या जवळपास, झिंक ऑक्साइडसाठी नऊच्या आसपास. त्या पीएचच्या खाली पृष्ठभाग धनभारित असतो, त्याच्या वर ऋणभारित. मिथिलिन ब्लू धनभारित आहे. म्हणजे पी-२५ ला पीएच ८ वर तो पटापट येऊन चिकटेल आणि पीएच ४ वर दूर ढकलला जाईल. मिथिल ऑरेंज किंवा काँगो रेडसारखे ऋणभारित रंग बरोबर उलट वागतात. तुमच्या मैत्रिणीचं टायटॅनियम तुमच्यापेक्षा चांगलं निघालं, तर आधी दोघींच्या बीकरचा पीएच बघा.

झिंक ऑक्साइडला आम्ल सोसत नाही. पीएच सहाच्या खाली ते विरघळू लागतं आणि मग पाण्यात झिंकचे आयन येतात. त्यामुळे त्याच्यासोबत आम्लयुक्त द्रावणात "वेग वाढला" असं दिसलं तर आधी भुकटी उरलीय का ते तपासा.

या टप्प्याच्या शेवटी एक साधी चाचणी करा. काढलेल्या नमुन्यातली भुकटी सेंट्रिफ्यूजने खाली बसवा आणि तिचा रंग बघा. पांढरी भुकटी फिकट निळी झाली असेल, तर तिच्यात थोडं अल्कोहोल घालून हलवा. अल्कोहोल निळं झालं म्हणजे तुमचा रंग कुठेही गेला नव्हता, कणावर बसला होता. हीच चाचणी उन्हातल्या प्रयोगाच्या शेवटी पुन्हा करायची आहे. दोन्ही वेळचं अल्कोहोल एकाच क्युव्हेटमध्ये वाचून वहीत शेजारी शेजारी लिहा. परीक्षक विचारेल त्या दिवशी हीच दोन वाचनं तुमच्या बाजूने बोलतील.

मँगनीजचा वेगळा इशारा

विदर्भात मँगनीज आपल्या घरचं आहे. मँगनीज काढणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात, खाणी मनसर, गुमगाव, भंडाऱ्याकडे. त्यामुळे दरवर्षी कुणीतरी मँगनीज डायऑक्साइड घेऊन येतं, आणि घ्यावंच. पण ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. आम्लयुक्त द्रावणात ते मिथिलिन ब्लूचा रंग अंधारातही तोडतं, प्रकाशाची गरजच पडत नाही. तिथे रंग खरोखर तुटतो, फक्त त्याला फोटोकॅटॅलिसिस म्हणता येत नाही, आणि मँगनीज स्वतः खर्ची पडून पाण्यात उतरतं म्हणून कॅटॅलिस्टही म्हणता येत नाही. फॉइलमधला बीकर हे पहिल्याच तासात सांगतो. तो अभ्यास वेगळ्या शीर्षकाखाली छान होऊ शकतो.

गच्चीवर

अतिनील दिवा असेल तर उत्तम, पण कोणता ते बघा. पाणी निर्जंतुक करायचा २५४ नॅनोमीटरचा दिवा रंगाला थेटही तोडतो आणि डोळ्यांना, त्वचेला घातक असतो. ३६५ नॅनोमीटरचा घ्या, आणि चष्मा लावा. दिवा नसेल तर गच्चीची किल्ली मागा.

माझं मत विचाराल तर नागपुरात या प्रयोगासाठी फेब्रुवारी आणि मार्च हे सगळ्यात चांगले महिने. आकाश स्वच्छ, ऊन भरपूर, हवा अजून भाजत नाही. मेच्या शेवटी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस आणि नवतपा एकाच सुमारास येतात, पण ४५ अंशांच्या हवेत बीकर सांभाळणं हाच मोठा प्रयोग होतो. पाणी वाफ होऊन कमी झालं की रंगाची संहती वाढते आणि वेग कमी दिसतो. शिवाय तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो : २५ अंशांना दर लिटरला सुमारे ८.२ मिलीग्रॅम, ४० अंशांना सुमारे ६.४. आणि ऑक्सिजन तर आपल्याला हवाच आहे.

म्हणून अशी मांडणी करा. पसरट ट्रेमध्ये पाणी घ्या, त्यात बर्फाचे तुकडे टाकून तापमान २८ ते ३० अंशांवर राखा आणि त्यात बीकर ठेवा. ट्रेखाली मॅग्नेटिक स्टरर ठेवणार असाल तर मध्ये थर्मोकोलची पातळ शीट घाला, कारण उन्हात स्टररची पत्र्याची वरची बाजू चांगलीच तापते. स्टरर एकच असेल तर माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा पंप आणा. त्याच्या नळीला फाटे फोडून ते प्रत्येक बीकरमध्ये सोडले की ढवळणंही होतं आणि ऑक्सिजनही मिळतो. बीकरच्या बाहेर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि प्रत्येक नमुन्याआधी वाफ झालेलं पाणी डिस्टिल्ड पाण्याने भरून काढा.

बीकर बोरोसिलिकेट काचेचे घ्या. वर झाकण हवं असेल तर तेही त्याच काचेचं. खिडकीची साधी काच आणि अ‍ॅक्रिलिकची शीट अतिनील प्रकाशाचा बराच भाग अडवतात.

वेळ ठरवताना घड्याळातल्या बारावर जाऊ नका. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नागपूर ७९ अंशांवर, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला उशीर होतो. फेब्रुवारीच्या मध्यावर ते साडेबाराच्या जवळ होतं, मेमध्ये बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. त्या क्षणाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड तास धरा. ऊन तेवढ्यात फारसं बदलत नाही.

मोबाइलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप इथे उपयोगाचं नाही. लक्स म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश, आपल्याला अतिनील हवा. अतिनील मीटर नसेल तर सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे सगळे बीकर एकाच ट्रेमध्ये, एकाच उन्हात, एकाच वेळी. ट्रेमध्ये निदान इतके तरी हवेत :

- नुसता रंग, भुकटी नाही
- रंग आणि तुमचं ऑक्साइड
- रंग आणि तुमचं ऑक्साइड, पण फॉइलमध्ये गुंडाळलेलं
- रंग आणि पी-२५

फॉइलवाला बीकर खाली प्रयोगशाळेत ठेवू नका. तो गच्चीवरच, त्याच ट्रेमध्ये ठेवला की तापमान सारखं राहतं. जमल्यास पाचवा बीकरही ठेवा : रंग आणि अ‍ॅल्युमिना. अ‍ॅल्युमिनाचा बँड गॅप इतका मोठा आहे की सूर्यप्रकाशात तो काहीच करत नाही, पण पाणी मात्र तितकंच गढूळ करतो. नुसत्या रंगाच्या स्वच्छ द्रावणात ऊन तळापर्यंत जातं, गढूळ द्रावणात जात नाही, त्यामुळे ते दोन बीकर थेट एकमेकांशी ताडता येत नाहीत. अ‍ॅल्युमिनाचा बीकर ही दरी भरतो.

सकाळी सगळं अंधारातच तयार करा. समतोल झाला की फॉइल काढा, आणि ती वेळ शून्य धरा.

नमुने आणि आकडे

दर १० किंवा १५ मिनिटांनी दोन-अडीच मिली काढा. ढवळत असतानाच काढा, म्हणजे भुकटी आणि पाणी दोन्ही त्याच प्रमाणात येतात. एकूण काढलेलं द्रावण बीकरच्या आकारमानाच्या दहा-पंधरा टक्क्यांवर जाऊ देऊ नका. नमुना लगेच काळ्या कागदात, आणि शक्य तितक्या लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये. सिरिंज फिल्टर वापरणार असाल तर आधी नुसतं रंगाचं द्रावण त्यातून गाळून बघा. काही फिल्टर मिथिलिन ब्लू स्वतःच धरून ठेवतात.

अ‍ॅब्सॉर्बन्स फक्त ६६४ ला वाचून थांबू नका. ४०० पासून ८०० नॅनोमीटरपर्यंत पूर्ण आलेख काढा. ८०० ला वाचन शून्याजवळ नसेल तर बारीक कण अजून तरंगतायत, पुन्हा फिरवा. शिखर जागेवरच खाली येतंय की खाली येता येता ६६४ वरून डावीकडे सरकतंय, हेही बघा. सरकत असेल तर रेणूचे मिथिल गट एकेक करून गळतायत आणि अझूर रंग तयार होतायत. ही फार सुंदर माहिती असते, आणि एकाच तरंगलांबीला वाचणाऱ्याच्या हातून ती निसटते.

गणित छोटं आहे. अंधारातल्या समतोलानंतरची संहती भागिले त्या वेळची संहती, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, विरुद्ध वेळ. सरळ रेषा आली की तिचा चढ म्हणजे वेगस्थिरांक. समजा अंधारानंतर अ‍ॅब्सॉर्बन्स १.०२ होता आणि उन्हात ३० मिनिटांनी ०.४७ झाला. भागाकार २.१७, त्याचा लॉग ०.७७५, म्हणजे दर मिनिटाला ०.०२५८, आणि निम्मा रंग जायला सुमारे २७ मिनिटं. हे एका बिंदूवरून काढलंय, तुम्ही पाच-सहा बिंदूंवरून काढा. सुरुवातीची संहती म्हणून भुकटी टाकण्याआधीचा आकडा वापरला, तर चिकटलेला सगळा रंग उन्हाने तोडला असा हिशेब होतो. प्रबंध तपासताना मी सगळ्यात आधी हाच आकडा शोधते.

रंग गेला, रेणू गेला का

निळा रंग जाण्याचे निदान तीन रस्ते आहेत. चिकटणं आपण पाहिलं. दुसरा म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यावर मिथिलिन ब्लू क्षपित होऊन रंगहीन ल्युको रूपात जातो. नमुना हवेत जोरात हलवून थोडा वेळ ठेवा. निळा परत आला तर तो रेणू शाबूत होता. तिसरा, रेणूचा रंग देणारा भाग तुटला, पण बाकीचे सेंद्रिय तुकडे पाण्यातच राहिले.

तिसऱ्यासाठी सीओडी (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन) किंवा टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजावा लागतो. टीओसीचं यंत्र प्रत्येक कॉलेजात नसतं, पण सीओडी डायक्रोमेट आणि फेरस अमोनियम सल्फेटने कुणालाही करता येतो. ५ मिलीग्रॅमच्या द्रावणाचा सीओडी दहाच्या घरात असतो, तो या पद्धतीने विश्वासाने मोजता येत नाही. त्यासाठी ५० मिलीग्रॅमचं वेगळं द्रावण करा, भुकटी वाढवा आणि जास्त वेळ ऊन द्या. रंग ९० टक्के गेलेला असताना सीओडी ४० टक्केच उतरला, असं दिसलं तर निराश होऊ नका. तसंच लिहा. तोच तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा आकडा आहे.

"दृश्य प्रकाशात चालणारा कॅटॅलिस्ट" असा दावा करायचा असेल तर मिथिलिन ब्लूवर तो सिद्ध होत नाही. हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि उत्तेजित झाल्यावर आपला इलेक्ट्रॉन ऑक्साइडला देऊन टाकतो, मग तो तुटतो त्यात ऑक्साइडच्या बँड गॅपचा काही संबंध उरत नाही. फिनॉलसारखा रंगहीन पदार्थ घ्या, २७० नॅनोमीटरला वाचा, आणि दिव्यासमोर सोडियम नायट्राइटच्या दाट द्रावणाची काचेची पेटी ठेवा. ते ४०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवतं. तरीही फिनॉल गेलं, तर दावा करा, ताठ मानेने करा.

नळाचं पाणी

डिस्टिल्ड पाण्यात सगळं जमलं की तोच प्रयोग नळाच्या पाण्यात करा. पेंच आणि कन्हानहून येणाऱ्या पाण्यातही बायकार्बोनेट आणि क्लोराइड असतात, घरच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात बहुधा जास्तच. हे आयन हायड्रॉक्सिल रॅडिकल स्वतःवर घेतात आणि पृष्ठभागावरच्या जागाही अडवतात. वेग घसरतो. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग देताना मीठ आणि सोडा भरपूर वापरतात, त्यामुळे रंगाईच्या सांडपाण्यात ही अडचण कितीतरी मोठी असते. उमरेडच्या किंवा पूर्व नागपुरातल्या विणकरांच्या रंगाईच्या पाण्याला आपला काही उपयोग व्हावा असं मनात असेल, आणि ते असावंच, तर डिस्टिल्ड पाण्यातल्या ९८ टक्क्यांपेक्षा खाऱ्या पाण्यातला ३५ टक्क्यांचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. द्रावणात मुद्दाम मोजून मीठ टाका, मग सोडा टाका, आणि वेग कुठे कुठे पडतो त्याचा तक्ता करा.

शेवटी तीच भुकटी धुऊन, सुकवून पुन्हा वापरून बघा, चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी वजन करा, कारण धुताना भुकटी कमी होते आणि त्यामुळे उतरलेला वेग "कॅटॅलिस्ट थकला" म्हणून लिहिला जातो. कमी झालेल्या वजनाच्या प्रमाणात रंगाचं द्रावणही कमी घ्या. झिंक ऑक्साइड मात्र उन्हात खरंच झिजतं : होल स्वतःच्याच जाळीतला ऑक्सिजन ऑक्सिडाइझ करतो आणि झिंक पाण्यात सुटतं. वापरलेल्या भुकटीचा एक्स-रे आलेख आणि पाण्यातलं झिंक, दोन्ही तपासा.

उरलेली द्रावणं सिंकमध्ये ओतू नका. एका मोठ्या बाटलीत गोळा करा, पीएच आठ-नऊवर आणून रात्रभर बसू द्या, वरचं पाणी काढा आणि खालचा गाळ सुकवून नाव, तारीख लिहिलेल्या डबीत भरा. सीओडीचं उरलेलं द्रावण यात मिसळू नका. त्यात क्रोमियम आणि चांदी असते, कधी पाराही. ते वेगळ्या काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण लावून, विभागाच्या घातक कचऱ्याच्या कपाटात जाईल.